अवघड शब्द गाळू नका, आजोबा

वाचकाचे पत्र

मी एसटीमध्ये वाहक होतो. ३१ वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झालो आणि गेल्या वर्षी विट्याहून मुलाकडे चिंचवडला राहायला आलो. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करतात, त्यामुळे साडेचार वर्षांची नात शाळेतून आल्यावर माझ्याजवळ असते. तिला मी रोज पुस्तक वाचून दाखवतो. माझे शिक्षण दहावीपर्यंत झाले आहे आणि वाचताना मी मध्येच अडखळतो. अवघड शब्द आला की तिला कळावे म्हणून तो बदलून सोपा करतो. 'हिरमुसली' असे छापलेले असेल तर 'रडायला लागली' असे वाचतो. ती एकच पुस्तक पंधरा-पंधरा दिवस सोडत नाही. सूनबाईंना वाटते की माझ्या गावाकडच्या बोलण्याने तिचे मराठी बिघडेल, त्यापेक्षा मोबाइलवर शुद्ध उच्चारातल्या गोष्टी ऐकलेल्या बऱ्या. शाळा इंग्रजी माध्यमाची आहे आणि बाई सांगतात की घरीही इंग्रजी बोला. मुलाने मोबाइलवर आलेला एक मजकूर दाखवला. त्यात लिहिले होते की चार वर्षांपर्यंत काही मुलांच्या कानावर तीन कोटी शब्द कमी पडतात आणि ती कायमची मागे राहतात. मी जे करतो आहे, त्याचा तिला खरोखर काही उपयोग आहे का?

— एक आजोबा, चिंचवड

उत्तर

आजोबा, सादर नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. उपयोग आहे, आणि तुम्हाला वाटतो त्याहून बराच अधिक आहे. एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचणे, आपल्या बोलीत समजावणे, मराठीतच वाचणे हे घरातल्यांना दोष वाटत असले, तरी मला त्यांत दोष दिसत नाही. मला खटकली ती एकच गोष्ट, आणि ती तुम्ही अगदी मायेपोटी करत आहात. पुस्तकातले शब्द तुम्ही बदलता. तेवढे मात्र थांबवावे, अशी माझी विनंती आहे.

तुम्ही दिलेलेच उदाहरण पाहू. हिरमुसलेले मूल रडत नाही. त्याचा चेहरा उतरतो, ते गप्प होते, कोपऱ्यात जाऊन बसते आणि काय झाले असे विचारले तर 'काही नाही' म्हणते. तुमच्या नातीचे असे कितीतरी वेळा झाले असेल: फुगा फुटला असेल, आई उशिरा आली असेल, शेजारची मैत्रीण हिला न घेताच खाली खेळायला गेली असेल. आपल्याला जे होते त्याला नाव आहे आणि ते नाव गोष्टीतल्या मुलीलाही लागू पडते, हे तिला कळले की पुढच्या खेपेला पाय आपटण्याऐवजी ती 'मी हिरमुसले' असे सांगू शकेल. 'रडायला लागली' हे तिला आधीपासून येते. ते ऐकून तिच्या पदरात नवे काही पडत नाही, आणि गोष्टही थोडी खोटी होते, कारण गोष्टीतली मुलगी रडलेलीच नसते. 'डोकावला' या शब्दाच्या जागी तुम्ही 'बघितले' आणि 'ओथंबलेले ढग' यांच्या जागी 'काळे ढग' वाचत असाल, असा माझा अंदाज आहे, कारण बालवाडीत शिकवायला लागल्यावर पहिली काही वर्षे मीही नेमके हेच करत होते. डोकावण्यात मान लांब करणे आहे, थोडे कुतूहल आहे आणि कोणी पाहील की काय ही धाकधूकही आहे. 'बघणे' या शब्दात त्यातले काही उरत नाही.

घरातले बोलणे आणि पुस्तकातली भाषा यांत मुळातच अंतर असते. स्वयंपाकघरात आपण 'ते दे', 'हे तिकडे ठेव', 'अगं, सांडेल' एवढ्यावर भागवतो, कारण वाटी, ओटा आणि सांडणारे दूध दोघांच्याही डोळ्यांसमोर असते. पुस्तक लिहिणाऱ्याला ही सोय नसते. जे समोर नाही ते त्याला शब्दांनीच उभे करावे लागते, आणि त्यासाठी त्याला नेमके शब्द शोधावे लागतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातील डोनाल्ड हेज आणि मार्गारेट आरेन्स यांनी १९८८ मध्ये इंग्रजीतले बोलणे आणि लेखन यांतील शब्द मोजून पाहिले. पदवीधर प्रौढ माणसे आपल्या माणसांशी बोलतात तेव्हा दर हजार शब्दांमागे सुमारे १७ शब्द कमी वापरातले असतात, असे त्यांना दिसले. शाळेत न जाणाऱ्या लहानग्यांच्या पुस्तकांत हे प्रमाण सुमारे १६ होते आणि त्याहून मोठ्या मुलांच्या पुस्तकांत सुमारे ३१. म्हणजे बालवाडीतल्या पोराचे चित्रांचे पुस्तक शब्दांच्या बाबतीत दोन पदवीधरांच्या गप्पांच्या तोडीचे निघाले. मराठीत मोजले तर आकडे वेगळे येतील, परंतु त्यामागचे कारण आपल्याकडेही तेच आहे. पुस्तकातला जो शब्द तुम्ही अवघड म्हणून बाजूला ठेवता, तोच तिला घरात दुसरीकडे कुठे भेटणार नसतो.

हे फक्त सुट्या शब्दांपुरते नाही. 'पाऊस थांबला असला तरी रस्त्यावरचे पाणी ओसरले नव्हते, म्हणून आजीने मनीला दारातच अडवले' अशा प्रकारचे वाक्य जेवायला बसल्यावर सहसा कोणी बोलत नाही. त्यात 'असला तरी' आहे, 'म्हणून' आहे आणि कोणी कोणाला का अडवले याची साखळी आहे. मूल अशी वाक्ये ऐकत राहिले की त्याच्या स्वतःच्या बोलण्यात हळूहळू 'कारण', 'तरीसुद्धा', 'जोपर्यंत' हे शब्द उमटू लागतात आणि पुढे शाळेच्या पुस्तकात तसे वाक्य आले की ते बिचकत नाही. वाचताना लांब वाक्याचे तुकडे करण्याची सवय असेल, तर तीही सोडावी. श्वास घेण्यापुरते थांबावे आणि वाक्य आहे तसे पूर्ण करावे.

मग अवघड शब्द तिला कळणार कसा, हा तुमचा खरा प्रश्न आहे. न्यूझीलंडमध्ये वॉर्विक एली यांनी सात-आठ वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षकांनी नुसती गोष्ट वाचली तरी मुले तिच्यातले काही नवे शब्द आपसूक शिकली, आणि वाचता वाचता अर्थही थोडक्यात सांगितला तेव्हा ही कमाई दुपटीहून अधिक झाली. तेव्हा शब्द जसाच्या तसा वाचावा, लगेच एका दमात त्याचा अर्थ सांगावा आणि गोष्ट पुढे न्यावी. अर्थ शब्दकोशातला नको. 'हिरमुसणे म्हणजे खिन्न होणे' असे सांगितले तर एका अनोळखी शब्दाचे दोन होतात. त्याऐवजी 'मनासारखे झाले नाही की तोंड एवढेसे होते ना, तसे' असे म्हणावे, जमल्यास तसे तोंड करूनही दाखवावे. पुस्तक मिटल्यावर त्या शब्दाकडे एकदा परत यावे आणि तो तिच्या आयुष्यातल्या प्रसंगाला जोडून द्यावा. नंतर संधी मिळेल तेव्हा तुम्ही स्वतः तो वापरावा. बाल्कनीत येणारे कबुतर खिडकीतून आत पाहत असेल तर 'बघ, कोण डोकावते आहे' एवढे म्हटले तरी पुरे.

मात्र प्रत्येक अनोळखी शब्दावर थांबू नये, नाहीतर गोष्टीचा जीव जाईल. एका पुस्तकातले दोन किंवा फार तर तीन शब्द निवडावेत. निवड कशी करावी, यासाठी इझाबेल बेक आणि मार्गारेट मॅकिओन या अमेरिकी अभ्यासिकांनी केलेली मांडणी मला फार उपयोगी पडली आहे. त्या शब्दांचे तीन थर मानतात. पाणी, झोप, कुत्रा असे रोजचे शब्द पहिल्या थरातले. ते शिकवावे लागत नाहीत. परागीभवन, अक्षांश असे एकेका विषयाचे खास शब्द तिसऱ्या थरातले. तो विषय निघेल तेव्हा ते येतात. मधल्या थरात रेंगाळणे, निमूट, चाहूल, हुरूप, संकोच, आतुर, धास्तावणे असे शब्द असतात, जे जाणत्या माणसांच्या बोलण्यात आणि कोणत्याही विषयावरच्या पुस्तकात पुन्हा पुन्हा भेटतात. आपले दोन-तीन शब्द या मधल्या थरातून उचलावेत, कारण ते एकदा कळले की शंभर ठिकाणी कामाला येतात.

आता पंधरा दिवस न सुटणाऱ्या पुस्तकाविषयी. तुम्हाला त्याचा कंटाळा येत असणार आणि तो मला मान्य आहे, परंतु नात शहाणपणा करते आहे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर एक छोटा प्रयोग केला. काही मुलांना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवली, तर काहींना तेच नवे शब्द तितक्याच वेळा, परंतु वेगवेगळ्या गोष्टींतून ऐकवले. तीच गोष्ट ऐकणाऱ्या मुलांनी शब्द अधिक चांगले पकडले. यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. पहिल्या वेळी मुलाचे सगळे लक्ष पुढे काय होणार याकडे असते. वाघ कोणाला खाणार नाही याची खात्री पटल्यावरच ते शब्दांकडे वळू शकते. चौथ्या-पाचव्या वाचनापासून तुम्ही वाक्य अर्धवट सोडून पाहावे, म्हणजे ती ते पूर्ण करील. दहाव्या वाचनाला पुस्तक तिच्या हातात द्यावे आणि आपण ऐकणाऱ्याच्या जागी बसावे.

वाचताना होणाऱ्या बोलण्याला मी वाचनाइतकेच महत्त्व देते. अमेरिकेत लाँग आयलंडवर ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी केलेला एक प्रयोग १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांचे दोन गट होते आणि महिनाभर दोन्ही गट मुलांना वाचून दाखवत होते. फरक एवढाच होता की एका गटाला वाचताना मुलाला बोलते कसे करावे हे शिकवलेले होते. महिन्याच्या शेवटी त्या गटातली मुले बोलण्यात स्पष्टपणे पुढे होती, आणि नऊ महिन्यांनी तपासले तेव्हा फरक कमी झाला असला तरी पुसला गेला नव्हता. त्यांची रीत साधी आहे. 'हे काय आहे?' असे विचारले की मूल एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होते. 'इथे काय चालले आहे?' असे विचारले की त्याला वाक्य जुळवावे लागते. मुलाने 'कुत्रा पळाला' म्हटले तर आपण 'हो, फटाक्याला घाबरून कुत्रा शेपूट घालून पळाला' असे त्याचेच वाक्य थोडे वाढवून परत द्यायचे. दुरुस्त करायचे नाही, वाढवायचे. यातही अतिरेक होऊ शकतो, आणि सुशिक्षित घरांत तो हमखास होताना मी पाहिला आहे: पानापानावर प्रश्न, उत्तर चुकले की पुन्हा प्रश्न, आणि शेवटी 'मग यातून तू काय शिकलीस?' ही तोंडी परीक्षा झाली. नातीने 'आजोबा, पुढे वाचा ना' म्हटले, तर प्रश्न बंद करून निमूट पुढे वाचावे.

येथवर मी शब्दांविषयी लिहिले. परंतु शब्द एकटे येत नाहीत, त्यांच्याबरोबर जगाची माहिती येते; किंबहुना माहिती असेल तरच शब्दाला अर्थ लाभतो. चिऊ-काऊची गोष्ट घ्या. काऊचे घर शेणाचे होते म्हणून पावसात वाहून गेले आणि चिऊचे मेणाचे होते म्हणून राहिले, हे आपल्याला इतके सरावाचे झाले आहे की त्यात समजावण्यासारखे काही आहे असे वाटतच नाही. परंतु चिंचवडच्या सदनिकेत वाढणाऱ्या मुलीने शेणाने सारवलेली जमीन पाहिलेली नसते आणि मेण तिला केवळ वाढदिवसाच्या मेणबत्तीतून ठाऊक असते. शेण पाण्यात विरघळते आणि मेण विरघळत नाही, हे ठाऊक नसेल तर काऊवर ओढवलेले संकट तिला कळणार कसे? एका वाटीत पाणी घेऊन त्यात मेणबत्तीचा तुकडा आणि मातीचे ढेकूळ टाकून दाखवावे. पाच मिनिटांचे काम आहे, आणि त्यानंतर ती गोष्ट तिच्यासाठी वेगळीच होईल.

अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये ६४ शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. त्यांतली काही मुले वाचनात तरबेज होती आणि काही कच्ची. काहींना खेळ चांगला ठाऊक होता आणि काहींना नव्हता. वाचनात कच्ची असली तरी खेळ जाणणाऱ्या मुलांना मजकूर अधिक कळला आणि अधिक आठवला; वाचनात तरबेज पण खेळात अनभिज्ञ असलेली मुले त्यांच्या मागे राहिली. आपल्याकडे कबड्डीचे समालोचन वाचायला दिले तर हेच होईल: ज्याला चढाई आणि बोनस रेषा ठाऊक नाही, तो प्रत्येक शब्द अचूक वाचूनही सामना कसा फिरला हे सांगू शकणार नाही.

म्हणून माझे असे मत झाले आहे की आज हत्ती, उद्या परी, परवा रॉकेट अशी पुस्तके विखुरलेली वाचण्यापेक्षा एखादा विषय दोन-तीन आठवडे धरून ठेवावा. पावसाळ्यात पाऊस धरावा. पावसाची गोष्ट वाचावी, पावसावरचे माहितीचे पुस्तक वाचावे, आणि त्याच्या भोवतीचे शब्द रोजच्या बोलण्यात आणावेत. मृगाच्या आधी दुपारी गडगडाट करून येतो तो वळीव, दिवसभर न थांबता लागते ती झड, अंगणात साचते ते डबके, पत्र्याच्या कडेवरून धारा गळतात त्या पागोळ्या. सदनिकेला पागोळ्या नसतात हे खरे, परंतु इमारतीच्या वाहनतळावर एखादी पत्र्याची शेड असेलच. छत्री घेऊन तिला तिथे उभे करावे. त्याच दिवसांत पक्षी धरायचे असतील तर सुगरणीचे घरटे धरावे. पावसाळा हाच त्यांच्या विणीचा काळ असतो. गवताच्या पात्यांचे धागे काढून घरटे विणतो तो नर. अर्धे विणून झाले की मादी येऊन ते पाहते, आणि तिने पसंत केले तरच तो उरलेले काम आणि खाली लोंबणारी नळी पूर्ण करतो. (सगळे कष्ट नराचे आणि नाव मात्र सुगरण, ही गंमत मुलांना नेहमी आवडते.) विणणे, पाते, घरटे, लोंबणे, मादी, पसंत हे शब्द अशा वेळी एकमेकांना धरून येतात आणि म्हणून टिकतात. सुट्या कार्डांवर छापून पाठ करून घेतलेले शब्द असे टिकत नाहीत.

आणि तुमच्याजवळ तर ३१ वर्षांची एसटी आहे! बसचे एखादे पुस्तक निवडा आणि त्यावर तुमची भर घाला. आगार, फाटा, चढ, उतार, घाटातले वळण, मुक्कामी गाडी, सुटे पैसे हे तिला कोण सांगणार? एक घंटी वाजली की गाडी थांबते आणि दोन वाजल्या की सुटते, हे सांगून घरातल्या चार खुर्च्यांची बस करा. तिला वाहक करा आणि तुम्ही प्रवासी व्हा. खंबाटकी घाटात इंजिनाचा आवाज का बदलतो, हे तुमच्याइतके चांगले कोणी समजावून सांगू शकणार नाही. पुस्तक वाचणाऱ्या माणसाचे आयुष्य असे पुस्तकात मिसळते, तेव्हा मुलाला मिळते ते छापलेल्या मजकुराहून पुष्कळ मोठे असते.

इथेच सूनबाईंच्या काळजीचे उत्तर आहे. मोबाइलवरचा उच्चार शुद्ध असेल, परंतु नातीच्या कपाळावर आठी पडली की तो थांबत नाही, आणि तिने 'मेण म्हणजे काय?' असे विचारले तर त्याला ऐकू येत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातील पॅट्रिशिया कुल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकवली होती. समोर बसून खेळवणाऱ्या माणसाकडून ऐकलेले त्या भाषेचे ध्वनी बाळांनी पकडले. तेच पडद्यावरून ऐकलेल्या बाळांनी पकडले नाहीत. साडेचार वर्षांचे मूल पडद्यावरून काहीच शिकत नाही, असा याचा अर्थ नव्हे, आणि सूनबाईंशी त्यावरून वाद घालण्याचीही गरज नाही. रविवारी एखादी गोष्ट दोघांनी मिळून मोबाइलवर ऐकावी आणि तिच्याविषयी बोलावे, एवढ्यावर दोन्ही बाजू राजी होतील.

राहिला तुमच्या बोलीचा प्रश्न. पुस्तकात 'पुढे' असेल तर 'पुढे' वाचावे आणि समजावताना खुशाल 'म्होरं' म्हणावे. लहान मुलाला दोन्ही रूपे वेगवेगळी ठेवता येतात. छापलेले कसे असते आणि आजोबा कसे बोलतात, हे त्याला आपल्या अंदाजापेक्षा लवकर उमगते. विट्याकडची बोली तिच्या कानावर पडते आहे, ही तिची मिळकत आहे. तुमच्या बोलण्यात शेतीची, गुऱ्हाळाची, जनावरांची, नात्यागोत्याची जी नावे सहज येतात, ती चिंचवडमध्ये दुसऱ्या कोणाकडून तिला मिळणार नाहीत.

शाळेतल्या बाईंचा सल्ला मी मानला नसता. जिम कमिन्स हे कॅनडातले अभ्यासक १९७९ पासून सांगत आले आहेत की एका भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेत कामाला येते. वितळणे म्हणजे काय हे मराठीत कळलेल्या मुलीला इंग्रजीत फक्त एक नवा शब्द शिकायचा असतो. ज्या मुलीला ते कोणत्याच भाषेत नीट कळलेले नाही, तिला शब्द आणि समज दोन्ही एकदम गाठावे लागतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. इंग्रजी तिला शाळेत मिळते आहे. ज्या भाषेत तुम्ही मनापासून गप्पा मारू शकता, तीच भाषा घरी राहू द्यावी. पुढे अक्षरे आली की वाचन आपोआप जमेल, असे मानणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगून ठेवते. फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचे साधे सूत्र मांडले: छापलेला शब्द ओळखता येणे आणि ऐकलेली भाषा कळणे, या दोहोंचा गुणाकार म्हणजे आकलन. गुणाकारात एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्यच येते. अक्षरांची बाजू शाळा पाहील. ऐकलेली भाषा कळण्याची बाजू तुम्ही रोज दुपारी भरत आहात.

तीन कोटी शब्दांच्या मजकुराने झोप उडवून घेऊ नये. बेट्टी हार्ट आणि टॉड रिस्ली यांनी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात ४२ कुटुंबांचे बोलणे महिन्यातून एक तास ध्वनिमुद्रित केले, त्यावरून चार वर्षांपर्यंतचा हिशेब वाढवून तो आकडा काढला आणि १९९५ मध्ये पुस्तकातून मांडला. २०१८ मध्ये डग्लस स्पेरी आणि सहकाऱ्यांनी इतर वस्त्यांत तेच तपासले, तेव्हा तसा फरक त्यांना दिसला नाही. मुलांशी भरपूर बोलावे हे खरेच आहे, परंतु शब्दांची मोजदाद ठेवून कोणी आजोबा होत नाही.

पुस्तकांसाठी फार खर्च करावा लागणार नाही. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तके आणि नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तके परवडणारी आहेत. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत वाचता येतात आणि छापूनही घेता येतात. मुलाला सांगितले तर तो काढून देईल. बालभारतीचे १९७१ पासूनचे 'किशोर' मासिक अजून चार वर्षांनी तिच्या कामाला येईल. निवडताना गोष्टींच्या बरोबरीने माहितीची पुस्तकेही घ्यावीत, कारण आपल्या घरांत नेमकी तीच कमी पडतात.

तुम्ही अडखळता, त्यावर सोपा उपाय आहे. ती शाळेत असताना पुस्तक एकदा मोठ्याने वाचून ठेवावे आणि ज्या दोन-तीन शब्दांवर बोलायचे आहे त्यांच्याखाली शिसपेन्सिलीने बारीक ठिपका द्यावा. वाचताना तरीही अडखळलात तर 'थांब, हा शब्द मला परत वाचू दे' असे मोकळेपणाने म्हणावे. मोठी माणसेही शब्दापाशी थांबतात हे तिला दिसलेले चांगले.

एक अडचण मात्र तुम्हाला लगेच येणार आहे. पंधरा दिवस तिने 'रडायला लागली' असेच ऐकलेले आहे, आणि या वयाच्या मुलांना पाठ झालेल्या पुस्तकात एक शब्द इकडचा तिकडे झालेला चालत नाही. तुम्ही 'हिरमुसली' वाचाल तेव्हा ती तुम्हाला अडवील आणि तुम्ही चुकीचे वाचता आहात असे ठणकावून सांगेल. तेव्हा त्या ओळीवर बोट ठेवून, आजवर मीच बदलून वाचत होतो आणि खरा शब्द हा आहे, असे तिला सांगून टाकावे.